टुरिस्ट पासिंग की प्रायव्हेट पासिंग: गावी भाड्याची गाडी ठरवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याचं कुटुंब, सहा मोठी माणसं. मे महिन्यात कणकवली स्टेशनवर उतरून देवगडकडच्या गावी जायचं, मधले दोन दिवस फिरायचं आणि चौथ्या दिवशी गोव्यातला मोपा विमानतळ गाठायचा. टुरिस्ट गाडीवाल्याच्या भावापेक्षा वाडीतला ओळखीचा माणूस स्वतःच्या पांढऱ्या नंबरच्या, म्हणजे खाजगी नोंदणीच्या गाडीने जवळजवळ एक तृतीयांश कमी पैशात यायला तयार आहे. "गाडी घरचीच हा, टेन्शन घेव नको," असं तो सांगतो. गाडी तीच, रस्ता तोच, माणूस तर विश्वासाचा. मग पिवळ्या पाटीच्या टुरिस्ट गाडीला जादा पैसे का मोजायचे?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. पांढऱ्या पासिंगची गाडी पैसे देऊन भाड्याने घेऊ नका. पैसे वाचवायचे असतील तर गाडी कशी ठरवायची ते बदला, त्यात तेवढेच किंवा जास्त वाचतात. हिशेब खाली मांडला आहे.

पहिला गोंधळ असा की लोक गाड्यांचे दोनच प्रकार धरतात, पिवळी आणि पांढरी. प्रत्यक्षात पिवळ्या पाटीतही दोन प्रकार आहेत. एक स्टँडवरची गाडी: काळी-पिवळी टॅक्सी, काळी-पिवळी जीप, रिक्षा. ती स्टँडवर उभी राहते, समोर येईल त्या प्रवाशाला घेते, तिचं भाडं परिवहन प्राधिकरण ठरवतं आणि परमिटला ठरावीक हद्द असते. मुंबईत 1 फेब्रुवारी 2025 पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं 31 रुपये झालं, ते अशाच ठरावाने. मुंबईत मीटर चालतो. कोकणातल्या स्टेशनांबाहेर बहुतेक ठिकाणी ठरलेल्या गावांचे ठरलेले दर चालतात. दुसरा प्रकार टुरिस्ट परमिटचा. ही गाडी आधी बुक करायची, भाडं तुमच्यात आणि मालकात ठरतं, आणि ठरलेली माणसं घेऊन ठरलेल्या ठिकाणी जाणं एवढंच तिचं काम. रस्त्यात हात दाखवणाऱ्याला उचलायची किंवा स्टेशनच्या आवारात "देवगड, देवगड" म्हणून गिऱ्हाईक गोळा करायची तिला मुभा नाही.

स्टेशनवर स्टँडवाले आणि बाहेरून आलेले टुरिस्टवाले यांच्यात जे वाद होतात, त्यांचं मूळ इथेच आहे. स्टँडवरच्या माणसाचा नंबर असतो. कोकणकन्या एक्सप्रेस दोन तास उशिरा आली तरी तो रांगेत बसून असतो. त्याच्या डोळ्यासमोर टुरिस्ट गाडीने आयत्या वेळी प्रवासी उचलला तर त्याचं भडकणं समजण्यासारखं आहे, आणि कायद्यानेही त्याचं बरोबर आहे. पण तुम्ही आधी बुकिंग केलेलं असेल तर तुमच्या गाडीला अडवायचं कारण नाही. म्हणून बुकिंगचा मेसेज, गाडीचा नंबर आणि चालकाचं नाव फोनमध्ये हाताशी ठेवा. चालकाला गाडी स्टँडच्या रांगेत न लावता पार्किंगमध्ये लावायला सांगा आणि सामान घेऊन तुम्हीच तिथवर चालत जा. शंभर पावलांत भांडण टळतं.

माणूस एकटा किंवा दोघे असतील आणि स्टेशनवरून थेट गावातच जायचं असेल तर स्टँडची गाडी किंवा रिक्षाच बरी. मोटर कॅबला (चालक सोडून सहा प्रवाशांपर्यंतच्या भाड्याच्या गाडीला) प्रवाशांकडून सीटवर वेगवेगळं भाडं घेता येतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम 2(7) मधल्या व्याख्येतच ते आहे. त्यामुळे परमिटच्या गाडीत सीटवर जाणं मुळात बेकायदा नाही. बेकायदा ठरतं ते क्षमतेपेक्षा जास्त माणसं कोंबणं.

तिसरा प्रकार काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या गाडीचा. ती तुम्हाला स्वतः चालवायला भाड्याने मिळते, तिच्याबद्दल शेवटी. आणि हिरवी पाटी दिसली तर गाडी विजेवरची आहे एवढंच समजावं. त्यात अक्षरं पिवळी असतील तर टॅक्सी, पांढरी असतील तर खाजगी. विजेवरच्या टॅक्सीला 2018 पासून परमिटची सक्ती नाही. म्हणून हिरव्या पाटीच्या टॅक्सीकडे परमिटचा कागद नसेल तर घाबरू नका, पण विमा टॅक्सीचाच असायला हवा.

आता पांढरी पाटी. कायदा पाटीचा रंग बघत नाही, गाडीचा वापर बघतो. पैसे घेऊन माणसं नेली की त्या फेरीपुरती ती गाडी प्रवासी वाहन ठरते आणि तिला कलम 66 प्रमाणे परमिट लागतं. परमिट नसेल तर कलम 192अ खाली पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कलम 207 प्रमाणे गाडी जागेवर अडकवून ठेवता येते. दंड मालकाला होतो हे खरं, पण गाडी अडकली की बॅगा घेऊन गोव्याच्या हद्दीजवळच्या इन्सुलीच्या नाक्यावर तुम्हीच उभे राहता, आणि विमान तुमचंच चुकतं. मोपाकडे जाताना बांदा-पत्रादेवी हा पट्टा तपासणीचाच आहे. पांढऱ्या गाडीत पुढे चालक, मागे सहा अनोळखी चेहरे आणि टपावर बॅगा दिसल्या की तपासणाऱ्याला फार विचार करावा लागत नाही.

पण दंड ही त्यातली लहान गोष्ट. मोठी गोष्ट विम्याची, आणि ती नीट समजून घ्या.

खाजगी गाडीच्या पॉलिसीवर 'वापराच्या मर्यादा' असं एक कलम छापलेलं असतं. गाडी भाड्याने किंवा मोबदला घेऊन चालवली तर संरक्षण नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. कायद्याच्या कलम 150 मध्येही विमा कंपनीला हा बचाव घेता येतो: गाडीला परमिट नव्हतं आणि ती भाड्याने चालत होती. परशुराम घाटात समोरच्या ट्रकला गाडी घासली आणि तुमच्यातल्या एकाचा हात मोडला, असं धरा. पोलीस पंचनामा करतात, जबाब घेतात. दोन दिवसांनी विमा कंपनीचा सर्व्हेयर येतो. त्याचा पहिला प्रश्न गाडीचा नसतो, माणसांचा असतो. गाडीत कोण होतं, मालकाशी नातं काय, पैसे दिले होते का? तेवढ्यात मालकाचा फोन येऊन गेलेला असतो: "आपण नातेवाईक असंच सांगा." आता तुमच्यापुढे दोनच वाटा. खरं सांगितलं तर मालकाचा क्लेम जातो आणि तुमची भरपाई अडचणीत येते. खोटं सांगितलं तर पोलिसांपुढचा खोटा जबाब तुमचा, आणि तुमच्या फोनमध्ये त्याला यूपीआयने पाठवलेले पैसे, खाली "गाडी भाडं" असं लिहून. मोटार अपघात न्यायाधिकरणात असे स्क्रीनशॉट निघतात.

मग होतं काय? रस्त्यावरच्या माणसाला लागलं असेल तर बहुतेक वेळा न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. गाडीतल्या, पैसे देऊन बसलेल्या प्रवाशांच्या बाबतीत निकाल दोन्हीकडे जातात. कधी 'आधी द्या, मग वसूल करा', कधी कंपनी पूर्ण मोकळी. कंपनी मोकळी झाली की भरपाई द्यायची जबाबदारी एकट्या मालकावर. वाडीतला तो ओळखीचा माणूस, गाडी कर्जावर, बाग लहान. त्याच्याकडून तुम्ही वसूल काय करणार, आणि गावात राहून त्याच्यावर दरखास्त, म्हणजे कोर्टातून वसुली, लावणार आहात का? तो माणूस वाईट आहे असं मुळीच नाही. उलट त्याचं सगळ्यात जास्त नुकसान होऊ शकतं, आणि त्याला कुणी हे समजावून सांगितलेलं नसतं.

टुरिस्ट गाडीच्या पॉलिसीत भाड्याने बसलेला प्रवासी धरूनच हप्ता घेतलेला असतो, दर प्रवाशामागे वेगळा. भावातला फरक इथून येतो. जून 2022 पासूनच्या थर्ड पार्टी विम्याच्या (दुसऱ्याच्या नुकसानीच्या) दरपत्रकात 1000 ते 1500 सीसीच्या खाजगी गाडीला वर्षाला 3,416 रुपये होते. तेवढ्याच इंजिनाच्या टॅक्सीला 7,940 आणि वर दर प्रवाशामागे 978. सहा प्रवाशांची अर्टिगा धरली तर 13,808, म्हणजे चौपट, आणि जीएसटी वेगळा. याशिवाय परमिटची फी. फिटनेस सर्टिफिकेट गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. गाडीचा वेग ताशी 80 किलोमीटरला बांधणारा स्पीड गव्हर्नर. 2019 पासून नोंदलेल्या गाड्यांना जीपीएसचं ट्रॅकिंग यंत्र आणि मागच्या सीटला धोक्याचं बटण. पांढऱ्या गाडीला यातलं काही नाही. एकदा रोड टॅक्स भरला की 15 वर्षं तिचा आरटीओशी फिटनेससाठी संबंध येत नाही. कमी भाव त्यामुळे परवडतो. त्या गाडीचे ब्रेक पॅड आणि टायर शेवटचे कधी कुणी अधिकृतपणे पाहिले, याचं उत्तर "शोरूममध्ये घेताना" हेही असू शकतं. करूळ किंवा आंबोली घाटाचा उतार भरल्या गाडीने उतरायचा असेल तर हे लक्षात घेण्यासारखं आहे.

गाडी खरोखर टुरिस्ट आहे का, हे पाहायला दोन मिनिटं पुरतात. बुकिंगच्या वेळीच गाडीचा पूर्ण नंबर मागा. "इनोव्हा देतो" एवढ्यावर आगाऊ पैसे पाठवू नका. नंबर सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये टाका. वाहनाचा वर्ग 'मोटर कॅब' किंवा 'मॅक्सी कॅब' दिसला पाहिजे. 'मोटर कार' दिसलं तर ती खाजगी. तिथेच फिटनेस, विमा, पीयूसी आणि परमिट कधीपर्यंत आहे तेही दिसतं. तारीख तुमच्या प्रवासाच्या शेवटच्या दिवसाच्या पुढची हवी, पहिल्या दिवसाच्या नव्हे. चार दिवसांच्या सहलीत तिसऱ्या दिवशी विमा संपतो असं प्रत्यक्षात होतं, विशेषतः मार्च-एप्रिलच्या आसपास घेतलेल्या गाड्यांचं.

गाडी समोर आल्यावर पाटी जवळून बघा. 1 एप्रिल 2019 नंतरच्या गाडीला हाय सिक्युरिटी पाटी कंपनीतूनच येते, जुन्यांनाही आता तीच बसवायची आहे. डावीकडे वरच्या कोपऱ्यात अशोकचक्राचा चकाकणारा होलोग्राम, त्याखाली निळ्या अक्षरांत आयएनडी, आणि खाली लेझरने कोरलेला बारीक क्रमांक. अक्षरं उठावाची असतात, त्यांवरून बोट फिरवलं की कळतं. पिवळा रेडियम चिकटवलेला असेल तर होलोग्राम झाकला जातो किंवा त्याच्याभोवती कापल्याची कड दिसते. पुढच्या काचेला आतून एक छोटा स्टिकर असतो, पेट्रोल-सीएनजीला फिका निळा, डिझेलला केशरी. त्यावरचा गाडीचा नंबर आणि पाटीवरचा नंबर एकच असायला हवा. नंबरातली पहिली अक्षरंही बोलतात: एमएच 07 सिंधुदुर्ग, 08 रत्नागिरी, 06 रायगड, 46 पनवेल. स्थानिक गाडी सांगून दुसऱ्या जिल्ह्याच्या पासिंगची आली तर त्यात बेकायदा काही नाही, पण गॅरेजपासूनचे किलोमीटर तुमच्या बिलात लागणार का ते तिथेच विचारा.

तुमच्या बाबतीत मोपाला जायचं आहे, म्हणून आणखी एक प्रश्न हवाच: परमिट राज्यापुरतं की ऑल इंडिया? गाडी पिवळी असूनही परमिट महाराष्ट्रापुरतं असेल तर गोव्यात शिरताना तात्पुरतं परमिट आणि तिथला कर भरावा लागतो. तो भरला नाही तर नाक्यावर खोळंबा, आणि चालक पैसे तुमच्याकडे मागतो. ऑल इंडिया टुरिस्ट परमिट असेल तर प्रश्न मिटतो. फक्त प्रवाशांची यादी सोबत ठेवायची असते, कागदावर किंवा फोनमध्ये चालते. नावं, कुठून बसलात, कुठे उतरणार. ही यादी तुम्हीच आदल्या रात्री टाइप करून चालकाला पाठवा. बहुतेक चालक तिच्याकडे दुर्लक्ष करतात आणि नाक्यावर आठवते.

चालकाच्या लायसन्सबद्दल एक जुनी समजूत अजून फिरते, की बॅज (लायसन्सवर व्यावसायिक गाडीची वेगळी नोंद) नसेल तर विमा मिळत नाही. 6 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने यावर निकाल दिला. हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असलेल्याला 7,500 किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहनही चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही. अर्टिगा, इनोव्हा, बोलेरो यांची वजनं त्याच्या खूप खाली आहेत. तरीही बॅज आहे का हे विचारा. कारण वेगळं आहे: बॅज देताना पोलीस पडताळणी होते, आणि रात्री दोन वाजता घरच्या बायकामुलांना त्याच्या गाडीत बसवायचं असतं.

आसनं. इथे हमखास चूक होते. चालक सोडून सहा प्रवाशांपर्यंत मोटर कॅब, सात ते बारा मॅक्सी कॅब. आरसी बुकात लिहिलेली आसनक्षमता चालकासकट असते. अर्टिगावर 7 लिहिलं म्हणजे प्रवासी सहाच. तुम्ही बरोबर सहा आहात, म्हणजे आयत्या वेळी गावातून "मी पण येतंय" म्हणणाऱ्या आत्याला जागा नाही. सातवं माणूस येण्याची शक्यता असेल तर आत्ताच आठ सीटची इनोव्हा किंवा त्याहून मोठी गाडी बघा.

आणि सामान. सहा माणसं बसलेल्या अर्टिगात तिसरी रांग उघडी असते, मागे उरते ती दीड बॅगेची जागा. गाडी सीएनजीची असेल तर 60 लिटरची टाकी तीही खाते. परतीला दोन आंब्याच्या पेट्या, तांदळाची पिशवी आणि कोकमाची बरणी असणारच. म्हणून विचारायचं: इंधन कुठलं, वर कॅरिअर आहे का, ताडपत्री आणि दोर आहे का. सीएनजीच्या गाडीबद्दल आणखी दोन गोष्टी. टाकीत साधारण नऊ-दहा किलो गॅस मावतो आणि सुट्टीच्या दिवसांत महामार्गावरच्या पंपांना लांब रांगा असतात. रांगेतला तासभर वेळ वेटिंगमध्ये धरायचा नाही, हे आधी बोलून घ्या. भरलेली सीएनजी गाडी चढाला दमते, चालक एसी बंद करतो. त्याने मुद्दाम केलं असं समजून वाद घालू नका. घाटात पेट्रोलवर चालवायला सांगा, फरकाचे पैसे हवं तर द्या.

स्पीड गव्हर्नरमुळे टुरिस्ट गाडी 80 च्या वर जात नाही. ओव्हरटेक करताना 80 ला गाडीचा जोर अचानक संपतो. हे माहीत असलेला चालक मोकळा रस्ता लांबवर दिसल्याशिवाय बाहेर काढत नाही. "दाबा ना जरा" असं मागून म्हणू नका. गव्हर्नरची वायर काढून ठेवलेली गाडी आली तर ती जोरात जाते म्हणून खूश होण्यासारखं काही नाही. ज्याने ती वायर काढली त्याने बाकी काय काय काढलं असेल, हा प्रश्न आहे.

आता पैसे. टुरिस्ट गाडीवाल्याने तुम्हाला चार दिवसांचा 'आउटस्टेशन' भाव दिलेला दिसतो. त्याचं गणित असं चालतं: दिवसाला किमान 300 किलोमीटर, तुम्ही चाला किंवा न चाला. हिशेब कळावा म्हणून दर 14 रुपये आणि चालकाचा भत्ता दिवसाला 400 धरू. चार दिवस म्हणजे 1,200 किलोमीटर, 16,800 रुपये. भत्ता 1,600. एकूण 18,400, टोल आणि पार्किंग वेगळं. तुमचं प्रत्यक्ष चालणं साडेतीनशे-चारशे किलोमीटरच्या पुढे जाणार नाही. म्हणजे न चाललेल्या आठशे किलोमीटरचे पैसे तुम्ही देताय. गाडीवाल्याने फसवलं असं नाही, चार दिवस त्याची गाडी अडकते. पण तुम्हाला ती चार दिवस अडकवायची गरजच नाही.

तुकडे करा. कणकवली ते गाव हा एक ड्रॉप, म्हणजे फक्त सोडून जाणं. मधल्या दोन दिवसांसाठी 'आठ तास, 80 किलोमीटर' असं स्थानिक पॅकेज, त्यात विजयदुर्ग किंवा कुणकेश्वर आरामात होतं. शेवटी गाव ते मोपा ड्रॉप. समजा पहिला ड्रॉप 1,800, पॅकेज दोन दिवसांचं 5,000, विमानतळ 4,500. झाले 11,300. रात्रीचा भत्ता नाही, कारण चालक रात्री त्याच्या घरी जातो. त्याच्या झोपण्याची, जेवणाची सोय तुमच्यावर नाही, आणि सकाळी तो ताजा असतो. वाडीतल्या माणसाच्या भावाशी हे ताडून बघा. मोपाचा ड्रॉप महाग वाटेल, कारण त्यात रिकामं परत यायचं भाडं असतं. त्याला विचारून बघा, विमानतळावरून परतीचं बुकिंग मिळालं तर किती कमी करशील. आठवडाभर आधी विचारलं तर मिळतंही.

ठरवताना पुढचं सगळं एकाच मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि त्याचं 'हो' लेखी घ्या: गाडीचा नंबर, मॉडेल, तारीख-वेळ, किलोमीटर कुठून मोजायचे (गॅरेजपासून की तुम्ही बसल्यापासून), जादा किलोमीटरचा आणि जादा तासाचा दर, रेल्वे उशिरा आली तर किती वेळ फुकट थांबणार, टोल-पार्किंग कोणाकडे, दुसरी गाडी पाठवली तर तीही टुरिस्ट पासिंगचीच असेल. हा शेवटचा मुद्दा सोडू नका. सीझनमध्ये मालकाची स्वतःची गाडी अडकली की तो भावाची किंवा मित्राची पांढरी गाडी पाठवून देतो, आणि ती पहाटे दारात उभी राहिल्यावर नाही म्हणायची हिंमत कुणाला होत नाही. पहिल्या-शेवटच्या किलोमीटरचा फोटो मीटरसकट काढा. जंगरने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, दाभोळ किंवा जयगडची खाडी ओलांडायची असेल तर बोटीचं तिकीट कोण काढणार तेही त्यातच लिहा.

गणपतीत अजून एक भर पडते. गेली काही वर्षं कोकणात जाणाऱ्या गाड्यांना टोलमाफीचे पास मिळतात, आणि पासवर गाडीचा नंबर असतो. पास काढल्यावर गाडी बदलली तर तो पास निरुपयोगी. म्हणून नंबर पक्का झाल्यावरच पास काढा.

पांढरी गाडी चालते तरी केव्हा? मामाच्या गाडीतून मामाबरोबर गेलात, पेट्रोल तुम्ही भरलंत, हे भाडं नव्हे. घरच्या माणसांनी खर्च वाटून घेणं वेगळं आणि ग्रुपवर "ठाणे-कणकवली दोन सीट शिल्लक, सीटमागे अमुक" अशी जाहिरात टाकून दर आठवड्याला फेरी मारणं वेगळं. दुसरा, खूप चांगला पण कमी वापरला जाणारा पर्याय म्हणजे तुमची स्वतःची गाडी असेल तर चालक तेवढा रोजाने घ्या. गाडी भाड्याची नाही, चालकाला पगार दिलात, यात परमिटचा प्रश्न येत नाही. फक्त पॉलिसीत 'पगारी चालकाची कायदेशीर जबाबदारी' हे जोडसंरक्षण आहे का ते बघा. वर्षाला 50 रुपयांची गोष्ट असते आणि पुष्कळांच्या पॉलिसीत ती नसते. चालकाच्या लायसन्सचा फोटो घेऊन तो नंबरही परिवहनच्या साइटवर तपासा.

वाडीतल्या त्या माणसाला नाही म्हणताना हेही सांगा की त्याला हा धंदा रीतसर करता येईल. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचं ना-हरकत पत्र. मग आरटीओत खाजगीतून व्यावसायिक वापरात बदलाचा अर्ज, कराचा फरक, स्पीड गव्हर्नर आणि ट्रॅकिंग यंत्र, फिटनेसची तपासणी, टॅक्सीचा विमा, परमिट, आणि पिवळी पाटी. क्रम चुकला की फेऱ्या वाढतात. सगळ्यात जास्त अडतं ते बँकेत, कारण खाजगी गाडीचं कर्ज कमी व्याजाचं असतं आणि व्यावसायिक वापर म्हटला की बँक दर बदलते किंवा सरळ नकार देते. म्हणून गाडी घ्यायच्या आधीच ठरवलेलं बरं. वर्षातले मे, गणपती आणि दिवाळी एवढेच दिवस चालवणार असेल तर आकडे जुळत नाहीत. महिन्याला निदान दहा-बारा दिवस भाडी असतील तर जुळतात.

राहिली काळी पाटी. स्वतः चालवायची भाड्याची गाडी देण्यासाठी 1989 च्या रेंट-अ-कॅब योजनेचं लायसन्स लागतं आणि त्यासाठी मालकाकडे किमान 50 गाड्या असाव्या लागतात. म्हणजे मालवण-तारकर्लीतल्या लॉजवाल्याकडे पुढे उभी असलेली एकटी पांढरी गाडी "हवी तर घेऊन जावा" म्हणून मिळाली, तर ती यात बसत नाही. स्कूटरची योजना वेगळी आहे, पण पाटीची खूण तीच. समुद्राकाठी दिवसाला भाड्याने मिळणाऱ्या स्कूटरची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतील तर घ्या. पांढरी असेल आणि तुमच्या हातून कुणाला धक्का लागला, तर विम्याचा तोच प्रश्न उभा राहतो, आणि या वेळी चालवणारे तुम्ही असता. किल्ली घेताना आरसी आणि विम्याचा फोटो घ्या, गाडीवरचे जुने ओरखडे व्हिडिओत टिपून मालकाला तिथल्या तिथे पाठवा, आणि मूळ आधार कार्ड त्याच्याकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या.